ऊन दिवसा, मग मोटर रात्री का?



ऊर्जेचा धडा शिकवताना मी वर्गाला विचारलं, "आपल्या सोलापुरात सगळ्यात जास्त काय पिकतं?" एक मुलगा पटकन म्हणाला, "ऊन, सर!" वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग माझे बाबा रात्री दारं धरायला का जातात?"

मुलं गप्प झाली. अंधारात, चिखलात, विंचू-सापाच्या भीतीत पाणी देणं म्हणजे काय, हे त्यांतल्या अनेकांना माहीत होतं. या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातल्या 'सौर ऊर्जेचे फायदे' या यादीत सापडत नाही. म्हणून हा पाठ.

१. ग्रिड म्हणजे काय?

मुलांना सांगा, वीज म्हणजे हौदातलं पाणी नव्हे. ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी तेवढी तयार व्हावी लागते. हे संतुलन ५० हर्ट्झ या वारंवारितेवरून कळतं. मागणी वाढली की वारंवारिता घसरते, वीज जास्त झाली की चढते. वीजनिर्मिती केंद्रं, मनोरे, तारा, उपकेंद्रं आणि हे संतुलन राखणारी माणसं, या सगळ्यांचं मिळून ग्रिड होतं.

कोळशाचं केंद्र रात्रीही चालू ठेवावं लागतं. ते घडीघडी बंद-सुरू करता येत नाही. दिवसा कारखाने, दुकानं, यंत्रमाग वीज ओढतात. रात्री मागणी कमी होते. म्हणून शेतीची वीज पाळीपाळीनं रात्रीत ढकलली गेली. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

२. नकाशात सोलापूर शोधा

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एका तालात चालू लागलं. त्याआधी दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण होती, पण मर्यादित. म्हणजे 'एक देश, एक ग्रिड' ही गाठ आपल्या जिल्ह्यात बांधली गेली! जुळे सोलापुरातल्या मुलांना हे सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

३. अडतं कुठं?

सौर प्रकल्प साधारण दीड-दोन वर्षांत उभा राहू शकतो. मोठ्या वाहिनीला मात्र जमीन, मनोरे, परवानग्या यांत त्याहून जास्त काळ लागतो. मग पॅनेल तयार, ऊन तयार, पण वीज न्यायला वाट नाही. राजस्थानात असंच झालं. वाहिन्या अपुऱ्या असल्यानं सौर प्रकल्पांना भर दुपारी निर्मिती कमी करावी लागली. पीक आलं, पण बाजाराला जायला रस्ताच नाही, तशी गत. म्हणून नियोजनाचा क्रम बदलायला हवा. जिथं ऊन-वारा जास्त, तिथं तार आधी पोचवायची.

दुसरी अडचण वेळेची. दुपारी वीज मुबलक, पण संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घराघरात दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. त्यासाठी साठवण हवी. बॅटरी हा एक मार्ग. दुसरा मार्ग घाटघरला पाहायला मिळतो. तिथल्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात जादा विजेनं पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात.

४. उरलेलं अर्धं उत्तर

पंप मात्र दुपारीच चालवता येतो! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) मागचा विचार हाच आहे. शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा. वाट लहान, गळती कमी आणि वीज दिवसा. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरवलं आहे. पण प्रकल्पासोबत उपकेंद्र आणि गावातल्या तारा सुधारल्या नाहीत, तर रात्रीची पाळी चुकणार नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा.

उपक्रम (पालकांसोबत)

आठवडाभर सकाळी ७, संध्याकाळी ५ आणि रात्री १० वाजता घरच्या मीटरचं वाचन लिहून ठेवा. फक्त वाचायचं, हात लावायचा नाही. सात दिवसांचा आलेख काढा. मग ठरवा, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री यांतलं कोणतं काम दुपारी सरकवता येईल?

चर्चेसाठी प्रश्न

१. सौर प्रकल्प आधी की तार आधी? का?
२. आपल्या शेतातून मनोरा जाणार असेल, तर शेतकऱ्याला काय मिळायला हवं?
३. ढगाळ दिवशी ग्रिड कसं सांभाळायचं?

दुसरा प्रश्न टाळू नका. वर्गात सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच होतं.

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "बाळा, ऊन कमी नाही. ते तुझ्या बाबांच्या मोटरीपर्यंत वेळेवर पोचवायचं काम राहिलंय." त्यावर तो म्हणाला, "मग ते काम मी शिकतो, सर." धडा संपला तो असा.