सासवडच्या माळ्यांचे माळीनगर

परमुलखात जाऊन शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर वसविलेल्या गावांत सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील माळीनगर हे अभ्यासण्याजोगे आहे.

याचे मूळ वसाहतकरी पुणे जिल्ह्यातील सासवडचे माळी. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हा बागाईतात मुरलेली ही मंडळी पाण्यामागे निघाली. जमीन खंडाने घ्यावी, ऊस लावावा, गुऱ्हाळ घालून गूळ विकावा, असा त्यांचा क्रम असे. भाटघरचे मोठे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. उजव्या कालव्याने माळशिरसकडे पाणी मिळू लागले, तशी काही कुटुंबे तिकडे सरकली. त्याच सुमारास जगभर मंदी येऊन गुळाचा भाव कोसळला.

१९३२ मध्ये सरकारने देशी साखरधंद्यास जकातीचे संरक्षण दिले. त्याच वर्षी या बागाईतदारांनी आपसांत भाग काढून सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापिली. कारखान्याभोवती जे गाव वसले तेच माळीनगर. ऊस पिकविणारा तोच कारखान्याचा धनी, ही गोष्ट त्या काळी नवी होती. कायद्याने मात्र ती भागभांडवलाची कंपनी होय. सहकारी तत्त्वावरील प्रवरानगरचा कारखाना पुढे १९५० मध्ये सुरू झाला.

आमच्या सिरसाळ्याच्या बाजूनेही दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयते ऊसमुलखात जातात. परंतु सासवडकराचे नाव भागपत्रावर चढले. आमच्या माणसाचे मुकादमाच्या उचलीच्या वहीत चढते. हा भेद पाण्याचा आहे, तसाच भांडवल एकत्र करण्याचाही आहे. पाणी आमच्या हाती नाही, दुसरी गोष्ट आहे.

महसुली दप्तरात आमची हयात गेली. वाटण्या होत होत जमिनी गुंठ्यांवर कशा येतात, ते आम्ही सातबाऱ्यावर पाहिले आहे. जमीन ज्याची त्याजकडेच असावी. बियाणे, अवजारे व मालाची विक्री मात्र एकत्र करावी. २००२ च्या कायदेदुरुस्तीप्रमाणे दहा उत्पादकांस मिळून उत्पादक कंपनी नोंदविता येते, आणि तीत भाग कितीही असले तरी प्रत्येकास मत एकच.

सबब आमची सूचना अशी की, नोंदणीपूर्वी दहा खातेदारांनी एका हंगामाचा कापूस वा सोयाबीन एकाच काट्यावर घालून विकून पाहावा, आणि त्याचा हिशेब चावडीवर सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. हिशेब पटला तर नोंदणीस विलंब लावू नये.