दाताच्या दवाखान्यातील वायरिंग



दहावीच्या विज्ञानात घरगुती विद्युत परिपथ शिकवितात. यंदा आम्ही वर्गात घराऐवजी दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना घेतला. लश्करात दौलतगंज, जनकगंज, नई सडक या भागांत जुन्या घरांच्या तळमजल्यावर दवाखाने आहेत आणि आपल्या शाळेतून गेलेली मुलेही आता ते उघडीत आहेत. भिंती दगडी, वायरिंग कित्येक ठिकाणी लाकडी पट्टीवरची, अर्थिंगचा पत्ता नाही. भाडे मात्र आजचे!

आधी हिशेब करू. ऑटोक्लेव्ह २००० वॅट, कंप्रेसर ७५०, एसी १५००; एकूण ४२५०. त्यास २३० व्होल्टने भागिले की सुमारे साडेअठरा अँपिअर येतात. शिवाय कंप्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त प्रवाह ओढतो. हे सर्व एकाच १६ अँपिअरच्या लाईनवर असले तर एमसीबी वारंवार पडणार. मग मिस्त्री येतो, ३२ ची एमसीबी लावून जातो आणि डॉक्टर निश्चिंत होतात. पण एमसीबी ही भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असते. अडीच चौरस मिलिमीटरची तार आता आतल्या आत तापत राहील व तिला अडविणारे कोणी नाही. प्रत्येक मोठ्या यंत्राला मुख्य बोर्डावरून वेगळी लाईन, हाच त्यावर उपाय.

दुसरी गोष्ट शॉकची. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते, ओले तोंड करीत नाही. रोगी लोखंडी खुर्चीवर, तोंडात पाणी व धातूचे अवजार. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात अशा खोलीची गणना घराहून वेगळ्या वर्गात होते. तिथे रोग्याजवळच्या सॉकेटांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, आणि खुर्ची, नळ, धातूची चौकट हे सर्व तारेने जोडून एकाच अर्थला न्यावे, म्हणजे दोन वस्तूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही. आरसीसीबीवर टेस्टचे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहायचे असते, हे किती जणांना माहीत आहे?

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आहे, अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३ आहे. मध्य प्रदेशात दवाखान्याची नोंदणी १९७३ च्या अधिनियमाखाली होते. आमच्या मते परवान्याची चौकट भिंतीवर टांगण्याआधी परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थची मोजणी करून घ्यावी.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या मेडिकल कॉलेजात तसेच घडले. मार्च २०२५ मध्ये आपल्या कमला राजा रुग्णालयात आग लागली, तेव्हा रोग्यांना रातोरात हलवावे लागले. ही मोठी रुग्णालये. छोट्या दवाखान्यात तर रात्री पाहणाराही नसतो.

विश्वस्त मंडळास एक विनंती. शाळेच्या सभागृहात दंत-तपासणी शिबिर घ्यावयाचे आहे. तिथे खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर डॉक्टरांची यंत्रे चालवू नयेत, असे आम्हांस वाटते. मुख्य बोर्डापासून एक १६ अँपिअरची स्वतंत्र लाईन, आरसीसीबी व नवी अर्थ, इतकेच काम आहे. येत्या बैठकीत दोन ठेकेदारांचे अंदाजपत्रक ठेवू. शिबिराची तारीख त्यानंतर कळवू.