तीन पदांचे गुणोत्तर

दोन संख्यांचे गुणोत्तर सहज संक्षिप्त करणारा विद्यार्थी तिसरे पद येताच पुष्कळदा अडखळतो. मिश्रखताच्या पोत्यावर १२:३२:१६ असे आकडे असतात. नत्र, स्फुरद व पालाश यांचे ते शेकडा प्रमाण होय. शेवटच्या दोन पदांना १६ ने भाग जातो, म्हणून तेवढीच भागून विद्यार्थी १२:२:१ लिहितो. म्हणजे नत्र स्फुरदाच्या सहापट झाले! पोत्यात तर स्फुरदच सर्वांत अधिक. तिन्ही पदांचा मसावि ४. त्याने प्रत्येक पदास भागल्यास ३:८:४ मिळते. ५० किलोच्या पोत्यातील ६, १६ व ८ किलो या वजनांवरूनही शिक्षकांनी हेच गुणोत्तर काढून घ्यावे. मात्र १५:१५:१५ व १९:१९:१९ या दोन्ही खतांचे संक्षिप्त रूप १:१:१ च येते. एकरी किती पोती लागतील, हे त्यावरून ठरत नाही.