देवयानी टिपायला मोठी दुर्बीणच हवी का?

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि ट्रायपॉड आहे. शेतातून देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायची इच्छा आहे. मित्र म्हणतात, मोठी दुर्बीण नसेल तर नाद सोड. खरंच सोडू का?
– एक वाचक, मानोरा (जि. वाशिम)

उत्तर : मुळीच सोडू नका! दीर्घिका लहान दिसते म्हणून दुर्बीण लागते, हा गैरसमज आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही देवयानी आकाशात पूर्णचंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे. ती फक्त अंधूक आहे. म्हणून प्रतिमा मोठी करण्यापेक्षा जास्त प्रकाश गोळा करणं महत्त्वाचं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे उंचावर पाहा. शर्मिष्ठा या ‘एम’ आकाराच्या तारकासमूहातला अधिक टोकदार कोन देवयानीकडेच बोट दाखवतो. आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर एफ/२.८, एक्स्पोजर ६ सेकंद ठेवा. जास्त ठेवल्यास पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेघाळतात. फोकस ठळक ताऱ्यावर हातानं साधा. असे २०० फोटो काढून ‘डीपस्कायस्टॅकर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. मासिकांतल्यासारखे रंग पहिल्याच रात्री येणार नाहीत, पण दीर्घिकेचा लांबट आकार नक्की उमटेल.

गुरू-शनीचं गणित उलटं. ते तेजस्वी पण इवलेसे, तिथे मात्र दुर्बीण हवीच.

दोन सूचना : योग्य फिल्टरशिवाय कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका. रात्री शेतात बूट घालून, कुणाला तरी सोबत घेऊनच जा. मानोऱ्याचा अंधार ही तुमची खरी श्रीमंती. शहरातल्यांना तो विकतही मिळत नाही!