पंच नसलेल्या मैदानावरील न्याय

कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आपण राज्यशास्त्राच्या तासाला शिकतो. पिकलबॉल या खेळाचे नियम मात्र ते उघडउघड मोडतात. हा खेळ १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर एका घराच्या आवारात सुरू झाला. मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच. चेंडू भोके असलेला, प्लॅस्टिकचा. आज तो मुंबई-पुण्यातही खेळला जातो. हौशी सामन्यात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचे!

मग अन्याय का होत नाही? कारण ज्याला निर्णयाचा अधिकार, त्याच्यावरच शंकेचा भार टाकलेला आहे. चेंडू बाहेर पडल्याचे स्पष्ट दिसले नसेल, तर तो आतच धरावा लागतो. दोघा जोडीदारांत मतभेद झाला तरी तो आत. प्रतिपक्षाचे मत विचारले आणि त्याने ते स्पष्ट दिले, तर ते मान्य केलेच पाहिजे.

वाद झाला की ‘जाऊ द्या, पुन्हा खेळू’ असे म्हणण्याची आपल्याला सवय असते. वरवर हा तोडगा समतोल वाटतो. परंतु त्यामुळे एकाने मिळवलेला गुण हिरावला जातो आणि शंकेचा फायदा शंका काढणाराला मिळतो. पुन्हा खेळण्याची मुभा आहे ती खऱ्या अडथळ्यासाठी. उदाहरणार्थ, शेजारच्या मैदानातला चेंडू मध्येच घरंगळत आला तर. चेंडूला तडा गेल्याचा संशय आला, तर आधी डाव पुरा करायचा. तड्यामुळे निकाल बदलला हे दोन्ही बाजूंना पटले तरच पुन्हा खेळायचे. एरवी निकाल कायम.

काही प्रसंग याहून चमत्कारिक असतात. आपल्या बाजूला टप्पा पडलेला चेंडू उलट्या फिरकीने जाळ्यापलीकडे परत गेला तर? तरीही तो आपणच मारायचा. त्यासाठी जाळ्यावरून पलीकडे हात नेता येतो, पण जाळ्याला स्पर्श होता कामा नये. चेंडू छताला लागला तर? टप्पा पडण्यापूर्वी लागला असेल, तर मारणाऱ्याची चूक. टप्प्यानंतर लागला, तर डाव मारणाऱ्याचा.

आणि नियम कोणालाच ठाऊक नसेल तर? माझ्या मते, तेवढा एक डाव पुन्हा खेळावा आणि पुढच्यासाठी नियम तिथेच सर्वानुमते ठरवावा. फायदा कोणाचा होणार हे ठाऊक नसताना केलेला नियम सहसा न्याय्य असतो. गुण डोळ्यांसमोर ठेवून काढलेला अर्थ क्वचितच तसा असतो.

सारांश, पंच नसला म्हणजे न्याय नाहीसा होत नाही. त्याची जबाबदारी तेवढी आपल्याकडे येते.