संगणकाला खरोखर काय लागते?



सोलापुरातील आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयात एकच संगणक आहे. एका हितचिंतकांनी आपला वापरलेला संगणक आम्हाला दिला. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती, देणग्यांच्या पावत्या, सारे त्याच्यावरच. गेल्या उन्हाळ्यात तो इतका मंदावला की बटण दाबून मी चहा टाकायला जात असे. नवा घ्यावा असे वाटू लागले. पण तो पैसा आपणच दिलेला, म्हणून आधी आहे त्यातच काय चालले आहे ते पाहायचे ठरवले. जे शिकलो ते, माझ्या चुकीसह, येथे देत आहे.

मंद का होतो?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घरातला ठिबकणारा नळ आपल्याला लगेच खुपतो. संगणकाची रॅम ही अशीच मोजक्या मापाची टाकी आहे. आपण उघडलेले प्रोग्राम तिच्यातली जागा घेतातच. पण न उघडलेलेही काही संगणकाबरोबर आपोआप सुरू होतात आणि पडद्यामागे चालू राहतात. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज काही माहिती हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते व लागेल तेव्हा परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद, म्हणून सगळेच काम रेंगाळते.

कोठे पाहावे?

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'मेमरी' या मथळ्यावर क्लिक केले की जास्त जागा घेणारे प्रोग्राम वर येतात. 'स्टार्टअप' विभागात आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी असते. एखादे नाव निवडून 'डिसेबल' केले की तो प्रोग्राम पुढच्या वेळेपासून आपोआप सुरू होत नाही. तो पुसला जात नाही. हवा तेव्हा उघडता येतो.

आमच्या यादीत गाण्यांचा एक, व्हिडिओ कॉलचे दोन आणि आमच्याकडे नसलेल्या स्कॅनरचा एक प्रोग्राम निघाला. चारही बंद केले. फरक त्याच दिवशी जाणवला.

माझी चूक

उत्साह वाढला आणि मी 'सर्व्हिसेस'ची यादी उघडली. तेथे 'प्रिंट स्पूलर' दिसले. अर्थ कळला नाही. कळत नाही म्हणजे नकोच असेल, असे समजून तेही बंद केले.

दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख होती. एका मुलीच्या अर्जाची प्रत काढायची, तर छपाई होईना. वायर काढून लावली, शाई तपासली, दुपार गेली. प्रिंट स्पूलर म्हणजे छापायची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी व्यवस्था, हे संध्याकाळी कळले. ती चालू केली, प्रत निघाली, अर्ज वेळेत गेला. पण ती मुलगी दुपारभर दाराशी बसून होती. माझ्या घाईमुळे तिची वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली असती.

चार प्रश्न

तेव्हापासून काहीही बंद करण्याआधी मी हे चार प्रश्न विचारतो.

१. याचे काम काय? माहीत नसेल तर हात लावायचा नाही. आधी जाणकाराला विचारायचे.

२. हा कोणी बनवला? टास्क मॅनेजरमध्ये 'पब्लिशर' या रकान्यात ते दिसते. रकाना रिकामा असेल तर अधिक चौकशी करावी.

३. बंद केला तर कोणाचे काम अडेल? फायली इंटरनेटवर साठवणारा प्रोग्राम एकाला निरुपयोगी, तर ज्यांचे हिशेब त्यातच आहेत त्यांना अत्यावश्यक.

४. परत चालू करता येईल का? मी वहीत नाव व तारीख लिहितो, एका वेळी एकच बंद करतो, संगणक पुन्हा सुरू करतो आणि दोन दिवस वापरून पाहतो.

अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, आवाज व टचपॅडचे ड्रायव्हर, मराठी टंकलेखनाचे साधन यांना हात लावू नये. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर तर सुरक्षेच्या बाबतीत जास्तच जपावे. 'सर्व्हिसेस'मध्ये ज्यांच्यापुढे 'मॅन्युअल' लिहिले आहे त्या गरज पडेल तेव्हाच सुरू होतात. त्यांना बंद करून फारसे काही मिळत नाही. आणि 'संगणक साफ करून देतो' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम घेऊ नयेत. बरेचदा तेच पडद्यामागे ठाण मांडून बसतात.

आमचा संगणक आजही तोच आहे. चहा मात्र आता काम झाल्यावर होतो. पुढचा अंक येईपर्यंत आपणही आपली 'स्टार्टअप' यादी वहीत उतरवून काढा. बंद काहीच करू नका. प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहिता येते का, एवढेच पाहा. ज्याच्यापुढे जागा कोरी राहील, तोच आपला पुढचा धडा.