नमुना-विमानाची चाके पोटात घेणारी यंत्रणा : एक अभ्यास



नमुना-विमान बांधणे हा केवळ छंद नसून यंत्रशास्त्राची चालतीबोलती शाळा आहे. एन.सी.सी.च्या हवाई विभागातील छात्रांना तर हा विषय शिकवला जातो. प्रस्तुत लेखात रेडिओने चालणाऱ्या नमुना-विमानाला आत घेता येणारी चाके, म्हणजेच ‘रिट्रॅक्ट’, कशी बसवावीत याचा क्रमवार विचार केला आहे.

१) गरज कशासाठी?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणून वेगवान विमानांनी प्रथम चाके आत घेतली. १९२० सालच्या गॉर्डन बेनेट शर्यतीत उतरलेल्या डेटन-राइट आर.बी.-१ या विमानाला अशी चाके होती. पुढे ‘स्पिटफायर’ (पहिले उड्डाण १९३६) व ‘मस्टँग’ (१९४०) यांनी ती सर्वपरिचित केली.

परंतु प्रत्येक विमानाला त्यांची गरज नसते. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले ते पक्क्या चाकांवरच. वैमानिकांना पुढच्या टप्प्याचे शिक्षण देणाऱ्या ‘किरण’ (१९६४) या जेट विमानाची चाके मात्र आत जातात. यातून घ्यायचा बोध असा की शिकताना साधे यंत्र वापरण्यात कमीपणा नाही.

वजनाचाही हिशेब करावा. समजा, ३ किलोच्या विमानात या यंत्रणेने १५० ग्रॅमची भर पडली. म्हणजे वजन ५ टक्के वाढले व विमान उतरण्याचा किमान वेग सुमारे अडीच टक्क्यांनी वाढला. मैदान खडबडीत असेल तर पक्की चाकेच बरी.

२) तीन प्रकार

(अ) यांत्रिक : १८० अंश फिरणारा खास सर्व्हो तारेच्या दांड्याने पाय ओढतो. दोन्ही टोकांना सर्व्होचा हात व दांडा एका सरळ रेषेत यावेत. मग जमिनीचा धक्का सर्व्होला फिरवू शकत नाही.

(ब) हवेच्या दाबाचा : लहान टाकीत पंपाने सुमारे १०० पौंडांचा दाब भरतात. नळी कोठेही गळता कामा नये. सायकलच्या पंक्चरप्रमाणेच साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

(क) विजेचा : बारीक मोटर आटे असलेला दांडा फिरवते व त्यावरील नट पायाला वळवते. आट्यांच्या घर्षणामुळे पाय आहे तेथेच अडकून राहतो. नवशिक्याला हा प्रकार सोयीचा आहे.

विजेच्या प्रकारातील एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाय टोकाला पोचला की मोटर अडते, वीजप्रवाह वाढतो आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. मात्र, हे खरे टोक आहे की मध्येच आलेला अडथळा आहे, हा फरक अनेक कंट्रोलरना कळत नाही. चाक पंखाच्या कापडाला घासले तरी काम संपले असे समजून यंत्र थांबते व पाय अर्धवट लटकतो. यास्तव चाकाच्या खोबणीत सर्व बाजूंनी मोकळी जागा हवी.

३) चाकाची जागा

येथे सुमारे दीड मीटर पंखाचे, शेपटीला लहान चाक असलेले, खालच्या पंखाचे बाल्सा-विमान धरले आहे. विमान उड्डाणाच्या स्थितीत सपाट ठेवावे व गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडावा. चाकाचा आस या ओळंब्याच्या पुढे हवा. आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतची रेषा ओळंब्याशी १५ ते २० अंशांचा कोन करील असे पाहावे. गुरुत्वमध्य आसापेक्षा १५ सें.मी. उंच असेल तर १५ अंशांसाठी चाक १५ × ०.२६८, म्हणजे सुमारे ४ सें.मी. पुढे येईल. चाक फार मागे असेल तर विमान नाकावर पडते. फार पुढे असेल तर जमिनीला टेकताच शेपूट खाली जाते, पंखाचा कोन वाढतो व विमान पुन्हा उसळते.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात उलट आहे. तेथे मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असतात. नाकाचे चाक मागच्या दिशेने आत जात असेल तर गुरुत्वमध्यही मागे सरकतो. म्हणून तोल चाके बाहेर व आत अशा दोन्ही स्थितींत तपासावा.

४) बसवण्याचा क्रम

१. यंत्र जेथे बसेल तेथील दोन फासळ्यांना ३ मि.मी. प्लायवूडचे अस्तर इपॉक्सीने चिकटवावे.

२. या फासळ्यांमध्ये कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या खाचेत बसवाव्यात. पट्ट्यांचा भार पंखाच्या मुख्य कण्यापर्यंत, म्हणजे स्पारपर्यंत पोचला पाहिजे. उतरतानाचा धक्का चाकाकडून पायाला, पायाकडून पट्टीला, पट्टीकडून फासळीला आणि तेथून कण्याला जातो. साखळीतील एक कडी नाजूक राहिली की तीच तुटते. बाल्साला थेट स्क्रू मारणे म्हणजे भेंडाला खिळा ठोकणे होय.

३. स्क्रूची भोके आधी पाडून त्यांत पातळ सायनो गोंदाचा थेंब सोडावा व तो वाळल्यावर स्क्रू आवळावेत.

४. पायाला सुमारे ४ मि.मी. जाडीची पोलादी तार, शक्यतो एक वेटोळे दिलेली, घ्यावी. धक्का त्या स्प्रिंगने झेलला जातो. तारेवर कानसीने लहान सपाट जागा करावी व तिच्यावरच ग्रब-स्क्रू आवळावा, नाहीतर पाय फिरतो.

५. दोन्ही चाके समांतर किंवा किंचित आतल्या बाजूला वळलेली हवीत. गुण्या लावून खात्री करावी.

५) परीक्षा आणि उड्डाण

विमान उलटे टांगून यंत्रणा किमान वीस वेळा चालवावी. नंतर सरळ धरून तेवढ्याच वेळा चालवावी, कारण आता चाकाचे वजन उचलायचे असते. आवाजात फरक जाणवला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली काही उड्डाणे चाके बाहेर ठेवूनच करावीत. त्यामुळे विमानाचा दोष कोणता व यंत्रणेचा कोणता हे वेगळे कळते.

विमान सुरक्षित उंचीवर पोचल्यावर चाके आत घ्यावीत. उतरण्यापूर्वी, धावपट्टीला समांतर येताना ती बाहेर काढावीत व दोन्ही पाय उघडले का हे पाहावे. एकच पाय उघडला तर घाबरू नये. पुन्हा प्रयत्न करावा. जमले नाही तर दोन्ही आत घेऊन, इंजिन बंद करून, गवतावर पोटाने उतरावे. एका चाकावर उतरल्यास विमान गरकन फिरते व पंखच मोडतो.

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांत २५ किलोपर्यंतची नमुना-विमाने शिक्षण व मनोरंजनासाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवण्याची तरतूद आहे. विमानतळाजवळ किंवा लोकांच्या डोक्यावरून विमान कधीही उडवू नये.

थोडक्यात

दोन-तीन महिने खपून केलेले विमान एका सैल स्क्रूमुळे क्षणात मोडू शकते. मोजणे, जुळवणे, तपासणे आणि मगच उडवणे हा क्रम ज्याच्या हाताला लागला, त्याला आय.टी.आय.च्या किंवा तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत कोणतेही यंत्र परके वाटणार नाही. सभासद पालकांनीही मुलांच्या हातातील कानस व करवत हा रिकामा उद्योग समजू नये.

स्वाध्याय

१) गुरुत्वमध्य आसापेक्षा २० सें.मी. उंच असेल तर १५ अंशांसाठी चाक किती पुढे घ्यावे?

२) विजेची यंत्रणा अर्ध्यात का थांबते, ते कारणासह लिहा.

३) उतरतानाच्या धक्क्याचा चाकापासून कण्यापर्यंतचा मार्ग आकृतीने दाखवा.